रामकुंडातला कांदा

नदी मोजायला पोरं नेतात हे मला माहीत नव्हतं. नदीला अंघोळीला नेतात, पाया पडायला नेतात, नाहीतर बुडशील म्हणून दटावून लांब ठेवतात. पण काठी, टेप आणि घड्याळ घेऊन नदी मोजायला? ऐकलं तेव्हा मी नातीला म्हणालो, "तुझ्या मॅडमचं डोकं ठिकाणावर हाय ना?"

माझी नात श्रुती आठवीत आहे. भूगोलाच्या निकम मॅडमनी हे काम काढलं. गोदावरी नाशिक शहरात शिरते तिथं, शहराच्या मध्ये आणि शहरातून बाहेर पडते तिथं, अशा तीन जागी जाऊन मोजमाप करायचं. दर दहा पोरांमागं घरचं एक मोठं माणूस पाहिजे होतं. आमचं गाव पिंपळगाव बसवंतपासून आत. लाल कांद्याची काढणी चालू, द्राक्षबागेत माणसं अडकलेली. अख्ख्या गावात रिकामा माणूस मी एकटा.

पुढच्या वर्षी ज्यांची पोरं जाणार त्यांच्यासाठी हे लिहितोय. मी चौथी शिकलो. शुद्धलेखन श्रुतीनं तपासलं आहे. मजकुराला हात लावू दिलेला नाही.

आता मी का गेलो ते सांगतो. मॅडमच्या यादीत मधली जागा रामकुंड होती. माझ्या बायकोला, शेवंताला, जाऊन तेव्हा अकरा महिने झाले होते आणि तिच्या अस्थी मी रामकुंडात सोडल्या होत्या. त्या दिवशी टेम्पोवाला सारखा हॉर्न देत होता. मी गाडगं पाण्यात पालथं केलं आणि वळलो. मागं बघायचं नसतं, असं कुणीतरी म्हणालं, म्हणून बघितलं नाही. ती वाहत गेली का, कुठवर गेली, मला काहीच माहीत नाही. अकरा महिने तेवढंच डोक्यात. जेवताना तेच, अंथरुणात तेच. ते पाणी वाहताना एकदा डोळ्यांनी बघायचं होतं, बस.

तिचं एक होतं. कुठं निघायचं म्हटलं की पाय उंबऱ्यात अडकायचा. चूल विझली का, कोंबड्या झाकल्या का, शेजारणीला सांगितलं का. मी फाट्यावरून ओरडायचो आणि ती आतून म्हणायची, "थांबा हो, आलेच." दोनदा डोळ्यांदेखत एस्टी गेली. मी शिव्या दिल्या, पण थांबलो.

शाळेत, जायच्या आधी

मॅडमनी पालकांना बोलावलं आणि एक फाईल उघडली. मला वाटलं, गाडी किती वाजता निघते एवढं सांगतील. ही बाई तीन आठवडे आधी रविवारी नवऱ्याच्या स्कूटरवर बसून तिन्ही जागा फिरून आली होती! कुठली पायरी शेवाळलेली, कुठं पाणी गुडघ्याच्या वर, कुठं सावली, दवाखाना किती लांब, सगळं लिहिलेलं. पोरींसाठी संडास कुठं आहेत आणि त्यांना कडी आहे का, तेसुद्धा. मी चाट पडलो. लेकीचं लग्न ठरवताना मी एवढं बघितलं नव्हतं.

फळ्यावर एक प्रश्न लिहिला होता. शहरातून जाताना नदी कशी बदलते?

मी म्हणालो, "हा काय प्रश्न झाला? घाण होती. झालं उत्तर. गाडीचं डिझेल वाचवा."

पोरं खिदळली. मॅडम हसल्या नाहीत. म्हणाल्या, "आबा, घाण होते हे तुम्हाला वाटतं. किती होते, कुठून होते आणि पाणी किती वेगानं जातं, ते मोजल्यावर कळेल. मोजून आल्यावर तुमचंच बरोबर निघालं तर मी फळ्यावर तुमचं नाव लिहीन."

वेग मोजायची रीत साधी आहे. काठावर वीस मीटर टेप धरायचा, वरच्या टोकाला पाण्यात संत्रं सोडायचं आणि खालच्या टोकाला पोचायला किती सेकंद लागतात ते बघायचं. संत्रं निम्मं पाण्यात राहतं, म्हणून वाऱ्यानं पळत नाही. मॅडमनी त्यांच्या फेरीत तसंच केलं होतं. रामकुंडावरच्या एका गुरुजींना विचारून ठेवलं होतं, पोरं काठाला बसून पाण्यात फळ सोडतील, चालेल ना? ते चालेल म्हणाले होते.

इथं मी तोंड घातलं. म्हणालो, "संत्री कशाला विकत आणता? कांदा घ्या. आपल्या घरी काय कमी हाय?"

लगेच पोरं पळाली आणि शाळेच्या हौदात कांदे टाकून आली. काही बुडाले, काही तरंगले. तरंगणारे वेगळे काढून त्यांच्यावर खडूनं नंबर घातले. हेडमास्तर खूश, मॅडम खूश. खोलीत तीस पोरं, दोन शिक्षक, सहा पालक होते. एकाच्याही डोक्यात काही आलं नाही. कांदा आमच्याकडं अंगणात, खाटेखाली, देवघराच्या भिंतीला टेकून असतो. तो कुठं चालत नाही, हे आम्ही साफ विसरलो होतो.

गंगापूर गावाजवळ

पहिली जागा शहराच्या वर, धरणाच्या खाली. सकाळची थंडी, काठाला हिरवी शेतं, पाण्यावर बगळे. घरून आणलेली भाकरी आणि ठेचा खाऊन पोरं कामाला लागली. आणि मी बघतच राहिलो. आमच्या वेळी मास्तर फळ्यावर नदी काढायचे, ती निळ्या खडूची. इथं पोरींनी सलवारी वर खोचल्या, कमरेला दोर बांधला आणि पाण्यात उतरल्या. एक काठी रोवतेय, एक खोली ओरडून सांगतेय, एक लिहितेय. मला टेपचं टोक धरून उभं केलं. श्रुती मला दटावत होती, "आबा, टेप ढिला सोडू नका! आकडा चुकतो."

कांदा नंबर एक सोडला. तो निघाला खरा, पण बैलगाडीच्या मागं बांधलेल्या म्हशीसारखा. दगडाला अडला, फिरला, परत अडला. मॅडमनी फाईल काढली, आधीचा आकडा बघितला आणि त्यांचा चेहरा उतरला. "असं कसं? मी आले तेव्हा संत्रं सुसाट गेलं होतं."

वर बांधावर पाण्याच्या खात्यातला एक म्हातारा चौकीदार विडी ओढत बसला होता. तिथूनच ओरडला, "बाई, तवा आवर्तन चालू होतं! परवा बंद झालं!"

आवर्तन म्हणजे धरणातून ठरावीक दिवस सोडलेलं पाणी. मी तीस वर्षं पाटाच्या पाण्याची पाळी धरलेला माणूस. मला रागच आला. "मॅडम, तुम्ही संडासाच्या कड्या मोजल्या आणि पाणी कोण सोडतं ते विचारलं नाय?"

मॅडम म्हणाल्या, "नाही विचारलं. मला वाटलं नदी आहे, वाहतच असेल."

चौकीदार हसला. म्हणाला, "नदी कुठली आता? चावी फिरवली की नदी, नाय फिरवली की डबकी. समदं वहीत लिवलेलं असतंय माझ्याकडं, कवा सोडलं, कवा बंद केलं."

तो हसून बोलला, पण मला ते लागलं. पाट बंद होतो हे मला माहीत आहे. विहीर आटते, मोटार जळते. पण गोदावरी? तिला चावी? मी टेप धरून उभा होतो आणि एकच गोष्ट डोक्यात आली. मी शेवंताला घेऊन आलो त्या दिवशी चावी कुठल्या बाजूला होती?

पंचवटी

दुपारी शहरात शिरलो. आधी मिसळ खाल्ली. नाशकात मिसळीबरोबर पापड देतात. पोरींनी दोन दोन वेळा रस्सा मागून घेतला आणि नाक पुसत बाहेर आल्या. माझ्या जिभेला अकरा महिने कशाची चव नाही, पण त्या रश्श्यानं डोळ्यांत पाणी आणलं. बरं झालं, कुणाला वेगळं काही वाटलं नाही.

मग शहराची मोजणी. एका गटानं गल्लीतल्या घरांचा तक्ता भरला, खाली काय, वर काय. खाली भांड्याचं दुकान, वर लॉज. खाली मोबाईल, वर कुणीतरी पापड वाळत घातलेले. दुसऱ्या गटानं कोपऱ्यावर उभं राहून पाच मिनिटांत किती गाड्या जातात त्याच्या रेघा मारल्या. रेघा मारून पोरांचे हात दुखले. सिंहस्थाची कामं चालू असल्यानं खोदलेल्या रस्त्यात सगळंच तुंबलेलं. आमच्या गावात एवढ्या गाड्या फक्त लग्नात दिसतात.

तिसऱ्या गटाला घाटावरच्या माणसांना प्रश्न विचारायचे होते. सरावासाठी श्रुतीनं मलाच समोर बसवलं. कागद धरला आणि अगदी सरकारी आवाजात म्हणाली, "आपण या ठिकाणी किती वेळा आला आहात?"

"एकदा."

"येण्याचं कारण? दर्शन, खरेदी, पर्यटन की इतर?"

"तुझ्या आजीला सोडायला."

तिचं पेन थांबलं. तिला माहीत होतं, पण कागदावर लिहायची वेळ आली नव्हती. मग तिनं 'इतर'वर खूण केली आणि कागद उलटा केला.

रामकुंडावर गर्दी बेताची होती. लांबून आलेले यात्रेकरू डुबकी मारत होते, बायका द्रोणात दिवे सोडत होत्या. मॅडमनी गटाला पायरीवर बसवलं, टेप लावला. श्रुतीनं पिशवीतून कांदा नंबर चार काढला आणि पाण्यात फेकला.

"अहो! हे काय?" मागून आवाज आला. मॅडमनी ज्यांना विचारलं होतं तेच गुरुजी, सोवळ्यात, धावत आले. "कांदा? रामकुंडात कांदा?"

मॅडम उभ्या राहिल्या. "गुरुजी, मी तुम्हाला विचारलं होतं..."

"फळ म्हणाला होतात तुम्ही, बाई! फळ! कांदा म्हणजे फळ होय?"

सगळा घाट आमच्याकडं बघायला लागला. एका बाईनं नाकाला पदर लावला. तेव्हा कुठं माझ्या डोक्यात उजेड पडला. अरे देवा. शेवंता स्वतः चातुर्मासात कांदा शिवत नव्हती. म्हणजे खायची नाही. दिवसभर कांदे निवडायची, पण चार महिने जिभेवर ठेवायची नाही. ती असती तर हौदापाशीच माझ्या हातातला कांदा काढून घेतला असता.

मी पुढं झालो. "त्यांना बोलू नका. कांदा माझा हाय."

"कुठले तुम्ही?"

"पिंपळगावकडचे."

"मग बरोबर!" गुरुजी म्हणाले आणि आजूबाजूची माणसं हसली. गुरुजींनाही थोडं हसू आलं. ते म्हणाले, "काढा तो आधी."

पण तो हाताच्या अंतरावर नव्हता. श्रुतीनं फेकला तसा मध्ये गेला होता. मी म्हणालो, "जाईल आत्ता वाहून. दोन मिनिटं थांबा."

आम्ही थांबलो. गुरुजी थांबले, मॅडम थांबल्या, पोरं घड्याळ धरून थांबली. डुबकी मारणारे काठाला सरकले. सगळा घाट एका कांद्याकडं बघत होता. लाल कांदा, त्यावर पांढरा चार. तो हलला नाही. जरासा गोल फिरला आणि तिथंच राहिला. त्याच्या शेजारी सकाळची झेंडूची फुलं होती, तीही तिथंच. विझलेला एक द्रोण होता, तोही तिथंच.

श्रुती हळूच म्हणाली, "आबा, शून्य."

 मी पायरीवर बसलो. शेवटी अंघोळ करणाऱ्या एकानं पोहत जाऊन कांदा काठावर फेकला. पोरांनी टाळ्या वाजवल्या, मला त्या ऐकूच आल्या नाहीत.

गुरुजी शेजारी येऊन बसले. त्यांना वाटलं मला ओरड्याचं लागलं. म्हणाले, "आजोबा, झालं गेलं. मनाला लावून घेऊ नका."

मी विचारलं, "हितं अस्थी सोडतात, त्या कुठं जातात?"

"इथं अस्थी विरघळतात. या तीर्थाचं माहात्म्यच ते आहे."

"विरघळून पुढं कुठं जातात?"

गुरुजींनी उपरणं सारखं केलं. मग म्हणाले, "श्रद्धा ठेवा, आजोबा."

मी म्हणालो, "श्रद्धा हाय. पाणी नाय."

त्यांना राग आला नाही. त्यांनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला आणि उठून गेले. शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं.

तपोवन

तिसरी जागा शहराच्या खाली. इथं पाणी पळत होतं. कांदा नंबर सहा सोडला आणि पोरं ओरडली, "गेला! गेला!" पण ओरडून श्वास घेतला आणि सगळ्यांनी नाकं धरली. पाणी काळं, वर साबणासारखा फेस, कडेला पाणवेली. मॅडमनी पोरांना पाण्यात उतरू दिलं नाही, काठावरूनच लिहायला लावलं.

एका पोरीनं विचारलं, "मॅडम, वरून तर पाणी येतच नव्हतं. मग हे कुठून आलं?"

मॅडम म्हणाल्या, "तेच शोधायचं. वाटेत किती नाले येऊन मिळाले ते आठवा."

मी मनात म्हणालो, फळ्यावर माझं नाव लागणार. पण मला त्याचा आनंद झाला नाही. जी जागा स्वच्छ होती तिथं ती थांबलेली, आणि जिथं वाहतं तिथं हे असं. तिला कुठं शोधू? बाईला चिखलाचा वास खपायचा नाही. गोठ्यातून आलो की मला ओटीवरच उभं करायची.

बिस्किटं आली, चहा आला, मी घेतला नाही. मॅडम जवळ आल्या. श्रुतीनंच त्यांना सांगितलं. मॅडमनी सगळं ऐकलं. समजूत काढली नाही, देवाचं नाव घेतलं नाही. फाईलचं शेवटचं पान उघडून म्हणाल्या, "आबा, तारीख सांगा."

मी सांगितली. ती कशी विसरेन.

पुन्हा शाळेत

मला वाटलं सहल संपली. तर म्हणे अजून निम्मं काम बाकी आहे. आठवडाभर पोरांनी आकडे जुळवले, चित्रं काढली आणि शनिवारी पुन्हा सगळ्यांना बोलावलं. काय जमलं आणि काय चुकलं ते सांगायला.

मॅडम उभ्या राहिल्या आणि कागद वाचायला लागल्या. "माझं पहिलं चुकलं, धरणाचं पाणी कधी सुटतं ते मी विचारलं नाही. दुसरं, संत्र्याऐवजी कांदा घ्यायचं ठरल्यावर मी गुरुजींना कळवलं नाही."  शिकवणारी बाई पोरांच्या समोर उभी राहून माझं चुकलं म्हणते! माझं बेचाळीस वर्षांचं लग्न, आणि मी हे वाक्य घरात एकदाही बोललो नाही.

हेडमास्तर म्हणाले, "पुढच्या वर्षी रामकुंड वगळा. उगाच तक्रार यायला नको."

मी उठलो. "कांदा मी सुचवला, तक्रार माझ्या नावावर लिवा. रामकुंड वगळू नका. पोरांनी तीन जागी मोजलं, पण नदी उभी राहिलेली एकाच जागी बघितली. ती बघायला नको? उलट दोनदा न्या. एकदा पाणी बंद असताना, एकदा चालू असताना. तवा कुठं काय ते कळंल."

 मग मॅडमनी फळ्यावर लिहिलं, 'दोन फेऱ्या : आवर्तन बंद, आवर्तन चालू.' त्याच्यापुढं कंसात 'आबा' लिहिलं.

भिंतीवर एक मोठा तक्ता लावला होता. मॅडमनी त्या चौकीदाराला फोन करून त्याच्या वहीतल्या मागच्या वर्षाच्या तारखा मागवल्या होत्या आणि पोरांनी वर्षभराच्या दिवसांचे चौकोन आखले होते. पाणी चालू तो चौकोन निळ्या खडूनं भरलेला, बंद तो पांढरा. श्रुती मला हाताला धरून तक्त्यापाशी घेऊन गेली. चष्मा पुसून दिला. मग तिनं बोट ठेवलं.

माझी तारीख पांढरी होती.

 म्हणजे कांद्यासारखीच. झेंडूच्या फुलांशेजारी. मी खुर्ची शोधायला मागं वळलो, पण श्रुतीनं हात सोडला नाही. "आबा, पुढं बघा ना." तिचं बोट सरकलं. दुसरा दिवस पांढरा. आणि त्याच्या पुढचा निळा. त्याच्यापुढं निळाच निळा, ओळ संपेपर्यंत.

"दोन दिवस," श्रुती म्हणाली.

दोन दिवस ती तिथं थांबली होती. मी टेम्पोत बसून निघून गेलो, जन्मात पहिल्यांदा तिच्यासाठी न थांबता, आणि ती पायरीपाशीच. चूल विझली का, कोंबड्या झाकल्या का, शेजारणीला सांगितलं का. सगळं आवरून झाल्यावर पाणी सुटलं आणि मग निघाली. त्या तपोवनातल्या घाणीवरून पुढं, भरल्या पाण्यानं.

मी त्या निळ्या चौकोनावर बोट ठेवलं. खडू ओला असल्यासारखा बोटाला लागला. अजून पुसलेला नाही.

पुढच्या वर्षी ज्यांची पोरं जातील त्यांनी संत्री न्यावीत. आणि जायच्या आधी पाणी चालू आहे का ते विचारावं. बंद असेल तर परत फिरू नये. दोन दिवस थांबावं. सुटतं.